पाचशे नंबर

साखर पेठेतल्या आमच्या खोलीत
माग होता तिथं आता ड्रम आहे.
मागाचे चार बोल्ट अजून फरशीतून वर आलेले,
त्यांच्या मधोमध तेलाचा जुना ड्रम, पोटात खडी भरून,
वर सहा इंची काच, काचेवर काच.
मी भोवती फिरतो.
पुढं, मागं, पुढं, मागं,
काच जराशी वळवायची, एक पाऊल डावीकडं.
शेजारचा अंबादास बुरा विचारतो,
नरसिंगमामा, शेंगाचटणी झाली का वाटून?
झाली, म्हणतो. अजून बारीक करतोय.

ऐंशी नंबरच्या भुकटीनं खळगा पडला,
रुपयाच्या नाण्याच्या जाडीइतकाही नाही.
तेवढ्यात शनी मावतो म्हणे, कड्यासकट.
मग एकशे वीस, दोनशे वीस, तीनशे वीस.
प्रत्येक नंबर आधीच्याचे वण पुसतो
आणि आपले ठेवून जातो.

नंबर बदलायचा तर सगळं धुवायचं:
काच, ड्रम, बादली, नखं, मनगटावरचे केस.
मागच्या भुकटीचा एक कण राहिला
की आठवडा वाया.
आणि आमच्या गल्लीत नळ येतो पाचव्या दिवशी.
त्यामुळं माझं पंचांग सोपं आहे.
नळ आला की नंबर बदलतो.

राजमणी उंबऱ्यात विड्या वळते.
तिचं सूप आणि माझा ड्रम यांच्यामध्ये
ओली चादर टांगलेली होती,
आमच्याच मागावरची, शेवटच्या लॉटमधली.
तिची धूळ इकडं नको, माझी तिकडं नको.

गंजीहाळ सर म्हणाले होते, आवाजावर लक्ष ठेवा.
जाडी भुकटी करवतीसारखी बोलते,
मग वाळूसारखी,
शेवटी नुसता श्वास.
मी मान हलवली.
बत्तीस वर्षं धोट्यानं दोन्ही कान ठोकलेले,
कुठल्या कानानं ऐकू, ते विचारलं नाही.

परवा पाचशेवर होतो.
हाताखाली लोणी.
आणि चादरीच्या कडेनं तिचं तोंड दिसलं, ओरडत असलेलं:
आगंडी!
थांबलो. काय झालं?
काहीतरी खर्रकन गेलं, म्हणाली.
मला वाटलं, तिच्याच कातरीखाली पान फाटलं असेल.
तरी काच उचलली, पुसली,
पिक ग्लास लावला,
टॉवेलच्या इंचात धागे मोजायचो तोच.
कडेपासून बोटभर आत
एक रेघ. तुटक्या ताण्यासारखी सरळ.

कण कुठून आला कोण सांगणार.
पत्र्यातून, गल्लीतून, माझ्या बंडीच्या शिवणीतून.
सर बघून म्हणाले, चालेल.
चालेल हा शब्द मी कारखान्यात रोज ऐकला,
आणि महिनाअखेरीला तोच माल सेकंडमध्ये गेलेला पाहिला.
परत तीनशे वीस.
नळाला अजून दोन दिवस होते.
राजमणीनं प्यायचं तेवढं बाजूला ठेवलं
आणि उरलेली घागर माझ्यापुढं ढकलली,
काही न बोलता. बोलली असेल तर मला माहीत नाही.

आता चादर काढून टाकली आहे.
ती सूप घेऊन पार त्या कोपऱ्यात बसते, तोंड माझ्याकडं करून.
मी काचेकडं बघतच नाही.
तिच्या कपाळाकडं बघत घासतो.
आठी पडली की थांबायचं.

काल रात्री पाचशे संपला.
काच दुधाळ, उन्हाळ्यात मोतीबिंदू व्हावा तशी.
आरसा नव्हे अजून. डांबर यायचंय, गेरू यायचाय.
पण ओली करून अगदी आडवी धरली डोळ्यापाशी
तर लांबच्या कडेला बल्ब दिसतो,
तांबूस, पेटल्या विडीच्या टोकाएवढा.
ह्यातून काय बघणार, तिनं हातानं विचारलं.
शनी, म्हणालो,
बहुतेक फार मोठ्यानं, कारण अंबादासनं खिडकी उघडली.

मग मी विचारलं, शेवटी शेवटी आवाज कसा होता?
तिनं थोडा विचार केला.
माझा हात ओढून घेतला, उलटा केला,
आणि तळव्यावर हळूच फुंकर मारली.
तंबाखूचा वास.
मी दुसऱ्या हातानं घाईघाईनं काच झाकली.